जपून ठेवलं होतं, पण उघडेना

सदर : घर आणि संगणक



रमजानच्या आधी आपल्या घराघरांत साफसफाई निघते. माळ्यावरच्या पेट्या उतरतात, कपाटे रिकामी होतात. अशाच साफसफाईत यंदा माझ्या भाचीला तिच्या अब्बांची एक सीडी सापडली आणि ती उमरग्याहून थेट धाराशिवला माझ्याकडे आली. सीडीवर दूल्हाभाईंच्या वळणदार अक्षरात लिहिले होते : ‘प्रबंध, अंतिम प्रत.’ दूल्हाभाईंचा इंतकाल होऊन सहा वर्षे झाली.

‘‘खाला, उघडतच नाही हो. दोन ठिकाणी लावून बघितली. नुसती फिरते आणि थांबते,’’ भाची म्हणाली.

कॉलेजच्या ग्रंथालयात माझी उमर गेली, म्हणून घरातला असला प्रत्येक प्रश्न माझ्याकडे येतो. पण हा प्रश्न नुसत्या सीडीचा नव्हता.

दूल्हाभाई मराठीचे शिक्षक. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा ते उमरग्यात होते. किल्लारी लातूर जिल्ह्यातले, पण आपल्याकडचे सास्तूर आणि लोहारा-उमरगा भागातली गावेही त्यात जमीनदोस्त झाली. दोन्ही जिल्ह्यांत मिळून जवळपास दहा हजार माणसे गेली. पुढे गावे नव्या जागी वसली, पत्र्याच्या शेडमधून माणसे नव्या घरांत गेली. त्या शेडमध्ये मदतीला जाताना दूल्हाभाईंच्या लक्षात आले की, गावांतल्या म्हाताऱ्या बायकांना येणाऱ्या जात्यावरच्या ओव्या आता पुढे कुणाला येणार नाहीत. पिठाची गिरणी आल्यावर जाते बंद झालेच होते; भूकंपाने गाणाऱ्याही नेल्या. मग ते सायकलवर टेपरेकॉर्डर बांधून फिरले. मराठा, लिंगायत, दलित, मुसलमान, सगळ्या घरांतल्या बायकांच्या ओव्या त्यांनी उतरवून घेतल्या. त्यात त्यांच्या स्वतःच्या अम्मीच्याही होत्या. त्या ओव्यांवर त्यांनी पीएच.डी. केली. शेवटच्या परिशिष्टात सगळ्या ओव्या, गाणारीचे नाव आणि गाव असे नोंदलेले.

प्रबंधाची घरातली छापील प्रत कुणीतरी वाचायला नेली ती परत आली नाही. उरली होती ही सीडी.

कपाटातली दुसरी प्रत

मला आठवले, दूल्हाभाईंनी एक सीडी मलाही दिली होती. ‘‘तू ग्रंथपाल, तुझ्याकडे राहू दे,’’ म्हणाले होते. शोधली, सापडली, लावली आणि उघडली. भाचीचा चेहरा उजळला. पण फाइल उघडल्यावर पडद्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी. एकही शब्द मराठी नाही.

घाबरण्यासारखे काही नव्हते, पण अडचण खरी होती. त्या काळी मराठी टाइप करायला प्रत्येक डीटीपीवाल्याचा वेगळा फाँट असे. त्या फाँटमध्ये संगणकाला मराठी कळतच नसे. इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचे चित्र बसवलेले असे. कृतिदेव फाँट माहीत असलेल्यांना आठवेल : इंग्रजी ‘डी’ची कळ दाबली की पडद्यावर ‘क’ दिसायचा. फाँट संगणकात असेल तोवर ‘क’ दिसणार. फाँट नसेल तर मूळचा ‘डी’ उघडा पडणार. उर्दूतही हेच झाले. इनपेजमध्ये केलेली कितीतरी जुनी पुस्तके आणि लग्नपत्रिका आज साध्या संगणकावर उघडत नाहीत.

महानुभाव पंथाचे ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांमध्ये लिहिलेले होते. अक्षर शाबूत, पण किल्ली ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी पोथी मुकी. मराठवाडा विद्यापीठातले डॉ. यू. म. पठाण यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्या साहित्यावर उमर घातली, म्हणून ते आज आपल्याला वाचता येते. आपण मात्र वीस वर्षांपूर्वीच्या स्वतःच्या फाइलींना नकळत सकळ लिपी करून टाकले आहे.

उमरग्यातल्या एका जुन्या डीटीपीवाल्याच्या संगणकात तो फाँट अजून होता. त्याच्या मदतीने फाइल युनिकोडमध्ये आणली. काही जोडाक्षरे मोडली, रफार इकडचे तिकडे गेले. ते भाचीने पंधरा दिवस बसून दुरुस्त केले. परिशिष्टात तिला दादीच्या ओव्या मिळाल्या. आवाज मात्र मिळाला नाही. कॅसेटींपैकी तीनच उरल्यात, आणि त्यांतल्या एकीला बुरशी लागली आहे.

हिशेब मांडला तर एका माणसाची सात वर्षांची मेहनत तीन योगायोगांवर वाचली. दुसरी सीडी दुसऱ्या घरात होती, ती खराब झाली नव्हती, आणि फाँटवाला जिवंत होता. योगायोगावर अमानत सोपवायची नसते.

डिजिटल वस्तू कशी मरते

कागदाचे एक बरे असते. पेटीत टाकला, वाळवीपासून जपला, तर पन्नास वर्षे कुणी हात लावला नाही तरी वाचता येतो. आपल्याकडच्या घरांत निजाम काळातले मुंतखब आणि १९५४-५५ चे खासरा पत्रक अजून निघतात. उर्दू किंवा मोडी वाचणारा भेटला की झाले. डिजिटल वस्तूला ‘ठेवून देणे’ मानवत नाही. ती तीन प्रकारे मरते.

पहिला प्रकार, जिच्यावर ती ठेवली ती वस्तू खराब होते. घरी लिहिलेल्या सीडीत रंगाचा पातळ थर असतो, तो उन्हाने, दमटपणाने उडतो. पेनड्राइव्ह वर्षानुवर्षे न वापरता पडला तर त्यातली माहिती हळूहळू विरू शकते. दुसरा, वस्तू चांगली असते, पण ती उघडणारा फाँट किंवा प्रोग्राम जगातून जातो. तिसरा प्रकार सर्वांत फसवा. फाइल कुठेतरी सुरक्षित असते, पण तिचा पत्ता बदललेला असतो, म्हणून आपल्यासाठी ती नसल्यातच जमा.

हे केवळ आपल्या गरीब घरांचे दुखणे नाही. संशोधकांनी शोध घेतला तेव्हा २००० ते २०१९ या काळात सर्वांना मोफत वाचता येणारी पावणेदोनशेच्या आसपास संशोधन नियतकालिके इंटरनेटवरून नाहीशी झालेली आढळली. छापील अंक निदान रद्दीत तरी सापडतो. यांचे तेही नाही. २०२४ च्या सुरुवातीला प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात ७४ लाखांहून अधिक संशोधन नोंदी तपासल्या. त्यांपैकी सुमारे २८ टक्के, म्हणजे वीस लाखांहून अधिक, मोठ्या डिजिटल संग्रहांपैकी कुठेच जपलेल्या सापडल्या नाहीत.

लुकमा देणारे संगणक

यावर जगाने काय उपाय काढला? पहिला उपाय आपल्याला लगेच कळेल.

तरावीहमध्ये हाफिजसाहेब एखाद्या ठिकाणी अडखळले तर मागे उभा असलेला सामे लगेच लुकमा देतो. एकाच्या लक्षातून सुटले तरी दुसऱ्याच्या सीन्यात ते असते. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयाने १९९९ च्या सुमारास जी व्यवस्था सुरू केली ती जवळपास अशीच चालते. तिचे नाव ‘लॉक्स’. इंग्रजीतल्या ज्या वाक्याची ही आद्याक्षरे आहेत त्याचा अर्थ : भरपूर प्रती असल्या की वस्तू सुरक्षित राहते. एकाच नियतकालिकाची प्रत अनेक ग्रंथालयांच्या संगणकांत असते. हे संगणक ठरावीक काळाने आपापली प्रत एकमेकांशी ताडून पाहतात. एकाची प्रत बाकीच्यांपेक्षा वेगळी निघाली तर ती बिघडली असे समजून चांगल्या प्रतीवरून दुरुस्त केली जाते.

ताडून कसे पाहतात? प्रत्येक फाइलचा एक ‘ठसा’ काढतात, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखा. आज बरीच वापरली जाणारी पद्धत ६४ अक्षर-अंकांचा ठसा देते. हजार पानांच्या प्रबंधात एक काना जरी बदलला तरी ठसा पार वेगळा येतो. म्हणून पूर्ण प्रबंध वाचून पाहावा लागत नाही. दोन ठसे जुळले की प्रत शाबूत.

प्रती एकाच गावात असून मात्र चालत नाही, हे किल्लारीने आपल्याला शिकवले आहे. एकाच घरातल्या दोन पेट्या म्हणजे दोन प्रती नव्हेत.

मराठी ओव्यांनी घेतलेला प्रवास

दूल्हाभाई एकटे फिरत होते, त्याच काळात पुण्यात हेच काम मोठ्या प्रमाणावर चालू होते. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांना घेऊन महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या जमवल्या. गाणाऱ्या बायकांची संख्याच तीन हजारांवर. संगीत आणि संगणक दोन्ही जाणणारे फ्रेंच अभ्यासक बर्नार्ड बेल नव्वदच्या दशकात या कामात आले. त्यांनी ओव्यांचा संगणकीय संग्रह बांधला आणि १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रणाची नोंद केली.

पॉइटवाँ २००४ मध्ये वारले, राईरकर २०१० मध्ये. घरगुती संग्रह असता तर इथे गोष्ट संपली असती. पण हा संग्रह आधी हरियाणातल्या गुडगावच्या लोकसंगीत संग्रहालयात सांभाळला गेला, मग फ्रान्समधल्या एक्स-आँ-प्रोव्हान्स इथल्या भाषा संग्रहात पोहोचला. तिथे तो दीर्घकाळ जपणुकीच्या नव्या पद्धतीचा नमुना म्हणून वापरला गेला. २०१७ पासून पी. साईनाथ यांनी सुरू केलेल्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहावर त्या ओव्या आवाजासकट प्रसिद्ध होत आहेत. मावळातल्या बाईने दळताना म्हटलेली ओवी पुणे, गुडगाव, फ्रान्स असे करत पुन्हा मोबाइलवर तिच्या नातीकडे येऊ शकते, ती यामुळे.

त्या नव्या पद्धतीचे मूळ अंतराळ संस्थांत आहे. उपग्रहांनी पाठवलेली माहिती पन्नास वर्षांनी कशी वाचायची, या चिंतेतून त्यांनी एक आराखडा केला आणि २००३ मध्ये तो आंतरराष्ट्रीय मानक झाला. त्यातला मुद्दा साधा आहे. नुसती फाइल जपू नका. ती समजण्यासाठी लागणारी सगळी माहिती तिच्यासोबत बांधून जपा. ओवी कुणी म्हटली, कुठल्या गावी, कधी, कुणी मुद्रित केली, कुठल्या प्रोग्रामात लिहिली, ऐकवायची परवानगी कुणाकडे. आपण लग्नाच्या जुन्या फोटोमागे नावे लिहितो ना, तसे. नावे न लिहिलेला फोटो दोन पिढ्यांनी अनोळखी माणसांचा होतो.

नाव बदलले तरी नंबर तोच

आता पत्त्याचा प्रश्न. तो आपल्या जिल्ह्याइतका कुणाला कळणार? १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा झाला. म्हणजे त्याआधीच्या कागदात औशाचे गावही ‘उस्मानाबाद जिल्हा’ असेच सापडते. २०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले. १९५८ मध्ये स्थापन झालेले मराठवाडा विद्यापीठ १९९४ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ आहे, आणि ते ज्या शहरात आहे त्याचेही नाव बदलले. ‘धाराशिव’ लिहून शोधणाऱ्याला ‘उस्मानाबाद’ नावाने नोंदलेला जुना प्रबंध दिसणार नाही, आणि उलटही. म्हणून शोधताना दोन्ही नावे टाकावीत, नोंद करताना दोन्ही लिहावीत.

यावरचा उपाय आपण मोबाइलमध्ये रोज वापरतो. सिमची कंपनी बदलली तरी नंबर तोच राहतो. संशोधन लेखाला असाच कायमचा क्रमांक देतात, त्याला डीओआय म्हणतात. लेख एका संकेतस्थळावरून दुसरीकडे हलला तर फक्त क्रमांकासमोरचा पत्ता बदलायचा, क्रमांक तोच. अर्थात पत्ता वेळेवर बदलणारा माणस हवा. आणि क्रमांक आहे म्हणजे लेख जपला आहे असे नव्हे. वर सांगितलेल्या २८ टक्क्यांना क्रमांक होतेच.

आपल्या देशात प्रबंधांसाठी ‘शोधगंगा’ आहे. गांधीनगरचे इन्फ्लिबनेट केंद्र ती चालवते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांपासून पीएच.डी.च्या प्रबंधाची डिजिटल प्रत देणे सुरू झाले. तिथल्या प्रबंधालाही कायमचा क्रमांक मिळतो आणि त्याची सुरुवात १०६०३ ने होते. २००९ आधीचे कितीतरी प्रबंधही विद्यापीठांनी स्कॅन करून तिथे ठेवले आहेत, पण सगळे नाहीत. कायमच्या जपणुकीसाठी पुण्याच्या सी-डॅकने ‘डिजिटालय’ नावाची प्रणाली तयार केली. तिच्या आधारे दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राच्या दृकश्राव्य संग्रहाला २०१७ मध्ये विश्वासार्ह डिजिटल संग्रहाचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. हे प्रमाणपत्र मिळवणारा तो जगातला पहिला संग्रह. म्हणजे ज्ञान आपल्याच राज्यात आहे. ते आपल्या कपाटापर्यंत आणणे आपले काम.

घरात काय करावे

१. घरात कुणी पीएच.डी. किंवा एम.फिल. केले असेल तर आजच शोधगंगेवर नाव शोधा. मराठी आणि इंग्रजी, दोन्ही स्पेलिंगने, मार्गदर्शकाच्या नावानेही. सापडले तर त्याचा क्रमांक घरच्या वहीत लिहा. नाही सापडले तर विद्यापीठाच्या ग्रंथालयाला अर्ज करा. आपल्या विद्यापीठाचे उपकेंद्र धाराशिवलाच आहे, चौकशी तिथून सुरू करता येईल.

२. जुन्या फाँटमधल्या फाइली फाँटवाला आहे तोवर युनिकोडमध्ये आणा. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक असतो, ‘क’चा २३२५. उर्दूच्या काफचाही असाच स्वतःचा. हा क्रमांक कुठल्या कंपनीच्या मालकीचा नाही.

३. अंतिम प्रत ‘पीडीएफ/ए’ प्रकारात ठेवा. २००५ पासून हे दीर्घकाळ जपणुकीचे मानक आहे. यात फाँट फाइलीच्या पोटातच असतो. वर्ड किंवा लिबरऑफिसमध्ये पीडीएफ करताना हा पर्याय निवडता येतो. सोबत मूळ फाइलही ठेवा.

४. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या वस्तूंवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी. सासरी गेलेल्या मुलीकडे एक हार्ड डिस्क ठेवणे, हा फार मोठा उपाय आहे. एकट्या ऑनलाइन जागेवरही विसंबू नका. इंटरनेट आर्काइव्हसारखा १९९६ पासूनचा प्रचंड संग्रहसुद्धा ऑक्टोबर २०२४ मधल्या सायबर हल्ल्यानंतर काही दिवस बंद होता.

५. कॅसेटी आधी उतरवा. कागद थांबेल, टेप थांबणार नाही. जपणुकीची प्रत ‘वेव्ह’ प्रकारात, ऐकण्यासाठी एमपी-थ्री.

६. वर्षातून एकदा, रमजानच्या साफसफाईतच, प्रत्येक प्रत उघडून पाहा. दर पाच-सात वर्षांनी नव्या डिस्कवर उतरवा. जपणे हे एकदाचे काम नाही, वहिवाट आहे.

जपणे वेगळे, दाखवणे वेगळे

भाचीने शेवटी एक प्रश्न विचारला, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. ‘‘खाला, दादीचा आवाज त्या एका कॅसेटवर आहे. तो सगळ्या दुनियेने ऐकावा, हे दादीला आवडलं असतं का?’’

दादी मराठीत ओव्या म्हणायची, पण परक्या पुरुषासमोर कधी गायली नाही. मुलगा होता म्हणून दूल्हाभाईंसमोर गायली. तिची परवानगी आता घेता येणार नाही. पण जपणे आणि सर्वांना दाखवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संग्रहांमध्ये तशी सोय असते : वस्तू पूर्ण जपायची, पण ठरलेल्या मुदतीपर्यंत किंवा घरच्यांच्या परवानगीशिवाय उघडायची नाही. काही संग्रह तर एरवी बंदच असतात. मूळ नियतकालिक बुडाले तरच त्यातला मजकूर लोकांसाठी खुला होतो. म्हणून लाजेखातर किंवा भीतीपोटी कॅसेट सडू देण्याचे कारण नाही. जपा आज, ठरवा नंतर. जे उरलेच नाही त्याबद्दल ठरवण्याचा हक्क पुढच्या पिढीला मिळत नाही.

सध्या आमचे असे ठरले आहे. प्रबंधाची दुरुस्त प्रत विद्यापीठाला द्यायची. तीन कॅसेटी उतरवून घ्यायच्या. बुरशी लागलेली आधी जाणकाराकडून साफ करून. आवाजाची एक प्रत आपाकडे, एक माझ्याकडे, एक पुण्याला भाच्याकडे. दादीचा आवाज घरातच राहील, तिच्या ओव्या प्रबंधात सर्वांसाठी.

मागच्या जुम्म्याला भाचीने त्या ओव्या आपाला वाचून दाखवल्या. आपाने मध्येच तिला थांबवले. एका ओवीत शब्द चुकला होता. फाँट बदलताना मोडलेले एक जोडाक्षर तिच्या नजरेतून सुटले होते. आपाने सासूच्या तोंडून ती ओवी शंभरदा ऐकलेली. तिने शब्द सांगितला, भाचीने तिथेच फाइलीत दुरुस्त केला.

तुमच्या घरात असा शब्द सांगणारे कुणी असेल, तर पेटी या आठवड्यातच उघडा.